वैद्यांच्या गुरूंची घडण

भिवंडी हें कामवारी नदीच्या कांठचें जुनें गांव. एके काळीं खाडीच्या वाटेनें येथें गलबतें येत आणि भात घेऊन जात. पुढें हातमाग आले, त्यांच्या मागून यंत्रमाग आले, आणि गांवाचें शहर झालें. या शहराच्या सरकारी इस्पितळांत एखाद्या सकाळीं डोकावून पाहावें. बांकावर रात्रपाळी संपवून आलेला मागवाला खोकत बसलेला असतो. त्याच्या शेजारीं कोणी सुजलेलें बोट फडक्यांत गुंडाळून आलेला असतो. पलीकडे पाड्यावरून चालत आलेली बाई तापानें फणफणलेलें मूल पोटाशीं धरून असते. आंत डॉक्टर नाडी पाहतात, छातीला नळी लावतात, दोन प्रश्न विचारतात. तेवढ्या दोन प्रश्नांवरून रोगी मनाशीं ठरवून टाकतो कीं, हा माणूस आपलें ऐकून घेणारा आहे कीं नाहीं.

रोग्याला डॉक्टर दिसतो; डॉक्टरचे शिक्षक त्याला दिसत नाहींत. त्या शिक्षकांना शिकवावें कसें हें कोणीं शिकविलें, हा प्रश्न तर त्याच्या स्वप्नांतही येत नाहीं. परंतु त्या दोन प्रश्नांचें मूळ तेथेंच असतें.

येथें एक मौज लक्षांत घेण्याजोगी आहे. तालुक्याच्या शाळेंत लहान मुलांना मुळाक्षरें शिकवावयाचीं तर मास्तरानें ट्रेनिंग कॉलेजांत जाऊन आधीं शिकविण्याची विद्या शिकावी, ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतच आपल्याकडे रुजली. पाठाचें टांचण कसें काढावें, प्रश्न कोणत्या क्रमानें विचारावा, मागें पडलेल्या मुलाला कसें सांभाळून घ्यावें, यांचा सराव पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत करून मास्तर गांवोगांव जात. परंतु हृदयाचे ठोके कसे ऐकावे, मोडलेलें हाड कसें बसवावें, किडलेला दांत कसा काढावा, हें शिकविणाऱ्या प्रोफेसरास मात्र अशा तयारीची गरज आहे, असें फार काळपर्यंत कोणास वाटलें नाहीं. ज्याला विद्या येते त्याला ती देतांही येते, असें गृहीत धरलें गेलें. हें गृहीत कसें बळकट झालें आणि कसें हळूहळू ढळलें, याचा इतिहास मुंबईच्या वैद्यकशाळांत पाहावयास सांपडतो.

या इतिहासाचा आरंभ १८२६ सालीं होतो. त्या वर्षीं मुंबई सरकारनें एतद्देशीय तरुणांना पाश्चात्य वैद्यक शिकविण्यासाठीं एक शाळा काढली आणि डॉ. जॉन मॅक्लेनन यांस तिचे प्रमुख नेमलें. शिक्षण देशभाषेंत द्यावयाचें होतें. हेतु उत्तम होता. परंतु मराठींत पाश्चात्य वैद्यकाचा एकही ग्रंथ नव्हता. तेव्हां मॅक्लेनन यांनीं स्वतःच शारीर, औषधें इत्यादि विषयांचीं पुस्तकें देशभाषेंत उतरविण्याचें काम हातीं घेतलें. एकाच माणसानें भाषा शिकावी, शब्द घडवावे, ग्रंथ रचावे, शाळा चालवावी आणि विद्यार्थीही घडवावे, असा तो प्रकार होता. सहा वर्षांनीं, १८३२ सालीं, ती शाळा बंद करण्यांत आली.

ती शाळा कां बुडाली याचीं कारणें पुष्कळ सांगतां येतील. त्यांतील एक फारसें बोललें जात नाहीं. शाळेस विद्यार्थी मिळाले, प्रमुखही मिळाले. परंतु शिक्षकांची परंपरा मिळाली नाहीं. आज शिकलेला उद्यां शिकवील, अशी सांखळी जेथें तयार होत नाहीं, तेथें एका माणसाचा उत्साह ओसरला अथवा सरकारची मर्जी फिरली कीं सारा डोलारा खालीं येतो. शाळा इमारतीनें उभी राहत नाहीं, ग्रंथांनीं पुरी उभी राहत नाहीं. ती शिक्षकानें शिक्षक घडविल्यानें उभी राहते.

हा धडा ज्यांनीं ओळखला त्यांत डॉ. चार्ल्स मोरहेड यांचें नांव अग्रभागीं आहे. मोरहेड १८०७ सालीं जन्मले, एडिंबरो येथें वैद्यक शिकले, आणि पुढें पॅरिसला जाऊन प्येर लुई यांच्या हाताखालीं रोग्याच्या खाटेशेजारीं बसून निरीक्षण करण्याची विद्या त्यांनीं संपादन केली. १८२९ सालीं ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय नोकरींत शिरले. १८३५ मध्यें गव्हर्नर होऊन आलेल्या सर रॉबर्ट ग्रँट यांच्या मनांत नव्या वैद्यकशाळेचा विचार घोळत होता. त्यासाठीं झालेल्या चौकशीच्या कामीं मोरहेड हे त्यांचे मुख्य साहाय्यक ठरले. १८३८ च्या जुलै महिन्यांत ग्रँट वारले आणि त्याच महिन्यांत विलायतेंत कंपनीच्या डायरेक्टरांनीं योजनेस मान्यता दिली. ज्यानें रोप लावलें त्यास पालवी पाहतां आली नाहीं! लोकांनीं ग्रँट यांच्या स्मरणार्थ वर्गणी जमविली, सरकारनें भर घातली, आणि सर जमशेटजी जिजीभाई यांच्या नांवच्या नव्या इस्पितळाला लागूनच ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें.

आरंभीं प्रोफेसर अवघे तीन. वैद्यक मोरहेड यांजकडे, शारीर व शस्त्रक्रिया डॉ. जॉन पीट यांजकडे, रसायन व औषधिशास्त्र डॉ. हर्बर्ट जिरॉड यांजकडे. कॉलेज उघडण्यापूर्वीं पांच वर्षें मोरहेड हे शिक्षण मंडळाचे चिटणीस होते, ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. शाळा कशा चालतात, परीक्षा कशा घ्याव्या, पाठांतर आणि समज यांत अंतर किती, हें त्यांनीं कॉलेजाच्या आधीं शाळांतून पाहिलें होतें. म्हणून त्यांनीं व्याख्यानावर भिस्त न ठेवतां विद्यार्थ्याला रोग्याच्या खाटेपाशीं नेलें. रोग्याची हकीकत विद्यार्थ्यानें लिहावी, रोज त्यांत भर घालावी आणि गुरूपुढें मांडावी, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळीं कानांनीं ऐकून डोक्यांत सांठविणें हीच सर्वत्र विद्येची मुख्य वाट होती. मोरहेड यांनीं डोळे आणि हात यांनाही वर्गांत बसविलें.

पहिल्या तुकडींत एक विद्यार्थी असा होता कीं, तो कॉलेजांत येण्यापूर्वींच शिक्षक होता. पेडणें महालांतील मांद्रें गांवचे भाऊ दाजी लाड हे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें शिकवीत असतां १८४५ सालीं वैद्यकाचे विद्यार्थी झाले. १८५१ सालीं कॉलेजांतून पहिले आठ पदवीधर बाहेर पडले. त्यांत भाऊ दाजी होते, पुढें १८६७ मध्यें प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झालेले आत्माराम पांडुरंग होते, आणि देवी टोंचण्याच्या कामांत नांव मिळविलेले अनंत चंद्रोबा होते. भाऊ दाजींनीं आपले बंधु नारायण दाजी यांच्यासह दवाखाना चालविला आणि गरिबांना मोफत औषध दिलें. अवघ्या सहा वर्षांत आपल्या लोकांतून असे वैद्य निघाले, यावरून शिकविण्याच्या पद्धतीचा वांटा किती मोठा असतो तें कळून येतें.

परंतु वैद्य निघाले तरी प्रोफेसर निघाले नाहींत. कॉलेजाचीं मुख्य पदें इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांकडे राहिलीं. त्यांत कांहीं खरोखर थोर होते. लंडनमध्यें १८५८ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रे यांच्या शारीरग्रंथाचीं चित्रें ज्यांनीं काढलीं ते हेन्री व्हॅन्डाइक कार्टर त्याच सालीं मुंबईस आले, आणि पुष्कळ वर्षें त्यांनीं ग्रँट कॉलेजांत अध्यापन केलें. अशा हातांनीं फळ्यावर काढलेली आकृति ज्यांनीं पाहिली ते विद्यार्थी भाग्यवानच म्हणावयाचे. तथापि ही नोकरी मूळची लष्करी धाटणीची होती. पदें ज्येष्ठतेनें मिळत, बदलीच्या हुकुमानें सुटत. शिकविण्याची आवड हा गुण असला तर ठीक, नसला तरी अडत नसे.

एतद्देशीय पदवीधरांना शिकविण्याची संधि मिळाली ती एका बाजूच्या दारानें. १८६१ सालीं ग्रँट कॉलेजांत मराठी आणि गुजराती वर्ग निघाले. इंग्रजी न जाणणाऱ्या तरुणांना देशभाषेंत वैद्यक शिकवून त्यांना हॉस्पिटल असिस्टंट म्हणून लहान दवाखान्यांवर पाठवावयाचें, असा त्यांचा हेतु होता. मॅक्लेनन यांचा जो प्रयत्न १८३२ सालीं थांबला होता, तोच एकोणतीस वर्षांनीं फिरून सुरू झाला. फरक एकच, पण मोठा. या वेळीं शिकविणारे आपले पदवीधर होते. विद्यार्थ्यांची भाषा ही त्यांची मायबोली होती आणि शास्त्र त्यांनीं इंग्रजींतून पचविलेलें होतें. दोन्ही कांठ ज्यानें पाहिले आहेत तोच नाव नीट हांकतो.

या काळच्या शिक्षकांत डॉ. सखाराम अर्जुन यांची आठवण अवश्य केली पाहिजे. १८३९ ते १८८५ एवढेंच त्यांचें आयुष्य. तेवढ्यांत त्यांनीं ग्रँट कॉलेजांत वनस्पतिशास्त्र शिकविलें, मराठींत वैद्यकावर पुस्तकें लिहिलीं आणि १८७९ सालीं मुंबईच्या बाजारांत मिळणाऱ्या औषधींची सूची प्रसिद्ध केली. मराठींतून वैद्यक शिकविणें म्हणजे केवळ भाषांतर नव्हे. इंग्रजी शब्द उच्चारला कीं विद्यार्थ्याला समजलें, असें मानतां येतें. पण तोच अर्थ मराठींत सांगावा लागला कीं शिक्षकाला स्वतःला तो किती कळला आहे तें उघड होतें. पोटांत मुरडा येणें, कळ निघणें, धाप लागणें, अंग मोडून येणें, या शब्दांत रोगी आपलें दुखणें सांगतो. या प्रत्येकाची शास्त्राशीं गांठ घालून देणें हें त्या शिक्षकांचें खरें काम होतें. शिकविण्याचें शास्त्र त्यांना कोणीं शिकविलें नाहीं. मराठी वर्गानें तें त्यांच्याकडून करवून घेतलें.

पुढें १८७८ सालीं पुण्यास वैद्यकशाळा निघाली. तिला बैरामजी जिजीभाई यांचें नांव मिळालें. अशा वर्गांतून आणि शाळांतून तयार झालेले हॉस्पिटल असिस्टंट तालुक्यांच्या गांवीं गेले. १८९६ मध्यें मुंबईस प्लेग आला आणि लौकरच तो ठाणें जिल्ह्यांत पसरला. १९१८ मध्यें इन्फ्लुएंझा आला. अशा दिवसांत भिवंडीसारख्या गांवच्या लोकांना मोठे सर्जन भेटण्याची गोष्टच नव्हती. त्यांच्या दारीं येणारा हा लहान पगाराचा, मराठींतून शिकलेला माणूसच असे. म्हणजे ज्या शिक्षकांना मुख्य पदांच्या पंक्तींत स्थान नव्हतें, त्यांच्याच शिकवणुकीचें फळ सर्वांत दूरच्या रोग्यापर्यंत पोंचलें.

मुख्य पदांचा प्रश्न मात्र धुमसत राहिला. १८९० नंतरच्या दशकांत डॉ. कैखुश्रू बहादुरजी यांनीं काँग्रेसच्या व्यासपीठावर आणि पुढें विलायतेंतील वेल्बी कमिशनपुढें ही तक्रार धसास लावली. अध्यापनाचीं पदें नोकरीच्या ज्येष्ठतेनें न भरतां विषयांतील पारंगतता पाहून भरावीं, हें त्या तक्रारीचें सार होतें. त्यांत स्वाभिमान होता यांत शंका नाहीं. परंतु त्याहून मोठा विचारही होता. शिक्षक होणें हा एक स्वतंत्र पेशा आहे, ती नोकरींतील एक बदली नव्हे, हा तो विचार होय.

या विचाराला मूर्त रूप आलें तें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत. १९२१ सालीं असहकाराच्या लाटेंत मुंबईस नॅशनल मेडिकल कॉलेज निघालें. डॉ. नायर यांचें औदार्य आणि पुढें टोपीवाले देसाई यांची देणगी यांवर तें उभें राहिलें. त्यानंतर १९२६ सालीं परळ येथें सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम इस्पितळ सुरू झालें. या कॉलेजास देणगी देतांना विश्वस्तांनीं एक अट घातली होती. प्रोफेसर आणि शिक्षक सर्व लायक हिंदी गृहस्थ असावे आणि ते सरकारी नोकरींतील नसावे, ही ती अट. डॉ. जीवराज मेहता पहिले डीन झाले. हिंदी माणसाला वैद्यक शिकवितां येईल काय, अशी शंका ज्यांना होती त्यांना परळच्या कॉलेजानें शब्दांनीं उत्तर दिलें नाहीं. विद्यार्थी घडवून दिलें.

दंतवैद्यकाची वाट याहून उशिरां निघाली. कलकत्त्यास डॉ. रफीउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं दंतवैद्यकाचें कॉलेज काढलें. मुंबईस नायर इस्पितळाच्या छायेंत १९३३ सालीं तसें कॉलेज निघालें आणि सरकारी कॉलेज १९४५ सालीं आलें. १९४८ मध्यें या धंद्याचा कायदा झाला. या विषयांत शिक्षकाची कसोटी अधिकच कठीण. तोंडाच्या अरुंद पोकळींत गुरूचा हात काय करतो तें मागें उभ्या असलेल्या शिष्याला दिसतच नाहीं. म्हणून कृत्रिम मस्तकावर आधीं सराव द्यावा लागतो, आणि गुरूला आपल्या सवयीच्या एका हालचालीचे दहा तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा दाखवावा लागतो. जें आपण न विचार करतां करतों तें दुसऱ्याला टप्प्याटप्प्यानें सांगणें, हीच अध्यापनाची पहिली पायरी होय. आणि तेथेंच कुशल माणसें अडखळतात.

येथवर शिक्षक कोण असावा याचा झगडा झाला. शिक्षकानें शिकवावें कसें, हा प्रश्न त्याच्या मागून आला. १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालानें वैद्यकीय शिक्षक तयार करणारी एक मध्यवर्ती संस्था देशांत असावी, असें सुचविलें. १९५६ सालीं दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था कायद्यानें निघाली, आणि देशांतील वैद्यकीय कॉलेजांसाठीं शिक्षक तयार करणें हें तिच्या कामांत लिहिलें गेलें. त्याच सुमारास अमेरिकेंत बफेलो येथें डॉ. जॉर्ज मिलर यांनीं डॉक्टर आणि शिक्षणशास्त्राचे पंडित यांना एका टेबलाभोंवतीं बसविलें. १९७५ सालीं स्कॉटलंडांत डंडी येथें डॉ. रोनाल्ड हार्डेन यांनीं परीक्षेची एक नवी रीत मांडली. विद्यार्थी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातो; एके ठिकाणीं रक्तदाब मोजतो, दुसरीकडे रोग्याशीं बोलतो; आणि प्रत्येक ठिकाणीं आधीं ठरविलेल्या यादीप्रमाणें गुण मिळतात. परीक्षकाच्या मर्जीची जागा पाहिलेल्या कृतीनें घेतली.

आपल्या देशांत पाँडिचेरी येथें वैद्यकीय शिक्षकांना अध्यापन शिकविणारें केंद्र १९७० नंतरच्या दशकांत निघालें. ज्या परळच्या कॉलेजानें शिक्षक आपले असावे म्हणून अट पाळली, त्याच कॉलेजांत २००५ सालीं फिलाडेल्फियाच्या फाइमर संस्थेच्या सहकार्यानें शिक्षकांना घडविण्याचा मोठ्या मुदतीचा अभ्यासक्रम सुरू झाला. २००९ पासून मेडिकल कौन्सिलनें शिक्षकांसाठीं अध्यापनाचे वर्ग देशभर घेण्याची व्यवस्था लावली, आणि २०१९ मध्यें नवा अभ्यासक्रम आला. विद्यार्थ्याला किती माहिती आहे यापेक्षां त्याला काय करतां येतें हें त्यानें मुख्य धरलें. रोग्याशीं कसें बोलावें, वाईट बातमी कशी सांगावी, हेंही त्यांत विषय म्हणून आलें. सत्तर वर्षांपूर्वीं असें कोणी सुचविलें असतें तर प्रोफेसर हंसले असते.

हंसणारे अजूनही आहेत, आणि त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. तीन दिवसांच्या वर्गानें कोणी गुरु होत नाहीं, असें ते म्हणतात. खरें आहे. उत्तम गुरु पूर्वीं झाले ते वर्गांवांचूनच झाले, असेंही म्हणतात. तेंही खरें. परंतु उत्तम गुरु थोडे असतात आणि विद्यार्थी पुष्कळ. महाराष्ट्रांत जिल्ह्याजिल्ह्यांतून कॉलेजें निघाल्यावर प्रत्येक ठिकाणीं मोरहेड किंवा सखाराम अर्जुन कोठून आणावयाचे? जन्मजात शिक्षकाला ट्रेनिंगची गरज कमी असेल. साधारण माणसाला ती फार आहे, आणि शाळा साधारण माणसांनींच चालतात. ज्याला शिकवावयाचें कसें हें कोणीं दाखविलें नाहीं, तो ज्या रीतीनें स्वतः शिकला त्याच रीतीनें शिकवितो. त्याला रागावून शिकविलें असेल तर तो रागावूनच शिकवितो. आणि रागावून शिकलेला डॉक्टर पुढें रोग्यावर रागावतो.

भाषेचा जुना प्रश्नही मिटलेला नाहीं. २०२२ सालीं मध्य प्रदेशांत हिंदी भाषेंतील वैद्यकाचीं पाठ्यपुस्तकें प्रसिद्ध झालीं. मॅक्लेनन यांनीं १८२६ मध्यें ज्या दारावर थाप मारली होती तेंच हें दार. कोणत्या भाषेंत शिकवावें याविषयीं मतभेद राहतील. परंतु रोग्याच्या भाषेंत त्याचें दुखणें ऐकावयास विद्यार्थ्याला शिकविलें पाहिजे, याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. भिवंडीच्या बांकावर मराठी बोलणारा असतो, उर्दू बोलणारा असतो, तेलुगू घरांतून आलेला मागवालाही असतो. ग्रंथ इंग्रजी असो वा मराठी, खोकणाऱ्या माणसाला "केव्हांपासून?" एवढेंच न विचारतां "कामावर जास्त होतो कीं घरीं?" असें विचारण्याचें भान गुरूनेंच द्यावें लागतें. त्या एका जादा प्रश्नांत मागाच्या खोलींतील कापसाची धूळ डॉक्टरच्या नजरेंत येते.

१८३२ सालीं एक शाळा बंद पडली, कारण शिक्षकानें शिक्षक घडविण्याची सांखळी तेथें जुळली नव्हती. नंतरच्या माणसांनीं ती सांखळी कडी कडीनें जोडली. कोणीं खाटेपाशीं बसून, कोणीं मराठी शब्द घडवून, कोणीं देणगीला अट घालून. त्या कड्यांचें दुसरें टोंक भिवंडीच्या इस्पितळांतील त्या बांकापाशीं येऊन थांबतें. आंतला डॉक्टर मान वर करून रोग्याकडे पाहतो, दुसरा प्रश्न विचारतो आणि उत्तर संपेपर्यंत थांबतो. तेव्हां कोण्या एका शिक्षकाचा पाठ तेथें चाललेला असतो.